बाबांसाठी हिब्रू-लादिनो-यिडिश शब्दांच्या मुळांचं एकच पुस्तक हवंय (बजेट २,५००)

सई_नाशिक

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश इतका हाताळलाय की पुठ्ठा सुटला, आता नाडीने बांधून ठेवतात. मध्यंतरी पुण्यात मावसभावाकडे गेले आणि लाल देऊळ, म्हणजे तिथलं ज्यूंचं सिनेगॉग, बाहेरून बघून आले. तेव्हापासून डोक्यात हिब्रू. मग कुठेतरी वाचलं की ज्यूंच्या घरात आणखीही भाषा होत्या, पूर्व युरोपात यिडिश, तुर्कस्तान-ग्रीसकडे लादिनो. आता रोज जेवताना एक शब्द असतो. परवा 'मझल' कुठून कुठे गेला हे ऐकताना वरण गार झालं, आई उठून गेली.

तर एक पुस्तक सुचवा. छापीलच हवं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्क्रीनवर वाचत नाहीत, पीडीएफ नको. हिब्रू लिपी येत नाही. इंग्रजी उत्तम येतं. बजेट २,५००, फार तर शे-दोनशे वर. तिन्ही भाषा एकत्र असतील तर सोन्याहून पिवळं.

फुकट_फौजदार

२,५०० कशाला घालवताय? सेफारियाच्या साइटवर क्लाइनचा अख्खा हिब्रू व्युत्पत्तिकोश फुकट आहे. जॅस्ट्रोचा तालमूदचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा, कोशही आहे. मी गेली चार वर्षं वापरतोय, एक पैसा दिला नाही.

सई_नाशिक

धन्यवाद, पण स्क्रीन नको, पीडीएफ नको असं लिहिलंय.

फुकट_फौजदार

पीडीएफ नाहीच ती, साइट आहे. काकांना टॅब घेऊन द्या ना. दहा-बारा हजारांत चांगला येतो. अक्षर हवं तेवढं मोठं होतं.

मास्तर_सातारा

सईताई, तिन्ही भाषांचा एकच व्युत्पत्तिकोश माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि का नाही ते लक्षात घ्या. लिपी एक दिसते म्हणून भाषा एका घरच्या नव्हेत. हिब्रू सेमिटिक, अरबीची बहीण. यिडिशचा सांगाडा जर्मनचा, त्यावर हिब्रू-अरामी आणि पोलिश-युक्रेनियन मांस. लादिनो म्हणजे १४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या लोकांनी गाठोड्यात बांधून नेलेली जुनी स्पॅनिश, जिला इस्तंबूल-सालोनिकात तुर्की शब्द चिकटले. तिघींत समान आहे तो हिब्रूचा थर. म्हणून सुरुवात हिब्रूपासूनच करावी.

एर्न्स्ट क्लाइन हे एकच नाव. हिब्रूचा व्युत्पत्तिकोश, १९८७. माणूस रब्बी होता, ट्रान्सिल्व्हानियातला, पुढे कॅनडात गेला. त्याआधी इंग्रजीचा व्युत्पत्तिकोशही त्याने एकट्याने केला. त्याची अर्पणपत्रिका वाचा एकदा. वडील, बायको आणि एकुलता मुलगा, तिघेही १९४४ साली आउशवित्झच्या नाझी छळछावणीत गेले. त्यानंतर हा माणूस शब्दांची मुळं शोधत बसला. मी क्लाइन बाहेरून मागवला, साडेसात हजार पडले. दुप्पट पडले असते तरी घेतला असता.

अडचण एकच. नोंदी हिब्रू अक्षरांत आहेत. पण अक्षरं बावीस. मोडी वाचणाऱ्याला पंधरा दिवसांत येतात.

सई_नाशिक

मास्तर, बजेट २,५०० :)

मास्तर_सातारा

चांगल्या कोशाला बजेट नसतं.

डोंबिवलीकर_डॉइच

यिडिशसाठी वेगळं काही घेऊ नका. यिडिश म्हणजे हिब्रू अक्षरांत लिहिलेली मोडकी जर्मन. मी जर्मनच्या चार परीक्षा दिल्यात, यूट्यूबवर यिडिश ऐकलं तर सत्तर टक्के कळतं. जर्मन डिक्शनरी घ्या, काम झालं.

मास्तर_सातारा

मोडकी? म्हणजे कोकणी ही मोडकी मराठी म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला बसलात. १९४५ मध्ये यिडिशचा अभ्यासक माक्स वाइनराइखने यिडिशमध्येच छापलेलं वाक्य आहे, भाषा म्हणजे सैन्य आणि आरमार असलेली बोली. तेही त्याचं स्वतःचं नाही, व्याख्यानाला आलेल्या एका श्रोत्याने त्याला ऐकवलं होतं.

आणि तुमच्या जर्मन डिक्शनरीत 'बेंचन' सापडेल का? म्हणजे आशीर्वाद देणं, जेवणानंतरची प्रार्थना म्हणणं. ते लॅटिन 'बेनेदिचेरे'. 'लेयेनेन' म्हणजे वाचणं, तेही लॅटिन 'लेगेरे'वरून. ही माणसं जर्मन मुलखात येण्याआधी फ्रान्स-इटलीच्या बाजूला राहत होती, त्याची ही खूण. उरलेल्या तीस टक्क्यांत नेमकी हीच मजा आहे.

डोंबिवलीकर_डॉइच

मी सत्तर टक्के कळतं म्हणालो, तेवढंच. सैन्य कुठून आलं मध्येच?

रद्दीराजा

लादिनोचा अनुभव सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. जोसेफ नेहामाचा कोश, माद्रिदला १९७७ मध्ये छापलेला. सगळीकडे वाचलं होतं की लादिनोला याच्या तोडीचा कोश नाही. परदेशातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे दिसला, रात्री साडेबाराला घेऊन टाकला. दीड महिन्याने पार्सल आलं. कस्टमने वेगळं कापलं. उघडून बघतो तर लादिनोचे अर्थ फ्रेंचमध्ये. सगळेच्या सगळे. 'दिक्सिओनेर' असं नावातच फ्रेंच लिहिलेलं, पण माणूस उत्साहात असला की मुखपृष्ठ वाचत नाही.

प्रत एकदम कोरी आहे. सईताई, विचार करा. कमी-जास्त करू.

सई_नाशिक

बाबांना फ्रेंच येत नाही हो.

कापूसकोंड्या

पुस्तक राहू द्या, काकांना हे सांगा. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात इराणच्या राजाच्या मेजवानीचं वर्णन आहे, पडदे-बिडदे. तिथे एक शब्द येतो, 'करपास'. म्हणजे आपला कार्पास. कापूस! आपला कापूस अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या दरबारात टांगलेला. त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत 'होदू' आहे, तो हिंदुस्थान. पेसाहच्या सणाला ताटात जी पाल्याची जुडी ठेवतात तिलाही करपासच म्हणतात, तीही त्यामुळेच.

अश्दोदची_मावशी

कापूसकोंड्या भाऊ, पहिली दोन बरोबर, तिसरं चूक. ताटातला करपास वेगळा. ती सेलरी किंवा पार्स्ली, शब्द फारसी 'करफ्स'वरून आलेला. ऐकायला एक झाले म्हणून भाऊ-भाऊ होत नाहीत. मी तीस वर्षं ते ताट लावतेय, कापूस कधी खाल्ला नाही.

सई, मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आता इथे इस्राएलात अश्दोदला. आमच्या जिन्यात तुझ्या बाबांचं पुस्तकच राहतं असं समज. आम्ही मराठीवाले. शेजारी इझमीरच्या आजी, लादिनो बोलणाऱ्या. खाली एक म्हातारे गृहस्थ, घरात यिडिश. मी शिंकले की हिब्रूवाली पोरं म्हणतात 'लाब्रियुत', तब्येतीला. खालचे म्हणतात 'त्सू गेझुंट', तेही तब्येतीलाच. आणि आजी अख्खं गाणं म्हणतात: 'बीवास, क्रेस्कास, एंग्रांदेस्कास, कोमो उन पेशिको एन आग्वास फ्रेस्कास'. जग, वाढ, मोठी हो, ताज्या पाण्यातल्या माशासारखी. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, तरी म्हणतात. सर्दी झाली की फार वेळ जातो.

आणि होदूचं सांगते. इथे 'होदू' म्हणजे भारत, आणि 'होदू' म्हणजे टर्की कोंबडाही. युरोपातल्यांना तो पक्षी हिंदुस्थानचा वाटला, फ्रेंच 'दँद', यिडिश 'इंदिक', सगळं त्यातलंच. आम्ही नवीन आलो तेव्हा दुकानावर पाटी होती, 'ताजा होदू', खाली किलोचा भाव. आमचे हे म्हणाले, घ्या, आल्या आल्या आपला भाव लावला.

सई_नाशिक

मावशी!! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शिंक आली नसतानाही शिंकून बघतायत.

मशीदबंदर

बेने इस्राएलांचा विषय निघालाच आहे तर: आपलं मस्जिद स्टेशन. ते नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नाही, सॅम्युएल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगवरून पडलं. शार हारहमीम, १७९६ चं. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे.

हिंडफिऱ्या

ही नुसती सांगोवांगी आहे. त्या भागात मशिदी काय कमी आहेत? कागद दाखवा.

मशीदबंदर

मी तिथे जन्मलोय.

हिंडफिऱ्या

तुम्ही जन्मलात हा पुरावा तुमच्या जन्माचा झाला, स्टेशनच्या नावाचा नाही.

अश्दोदची_मावशी

भांडू नका. सिनेगॉगला मशीद म्हणायचे एवढं खरं, माझी आजी 'मशिदीत जाऊन येते' असंच म्हणे. स्टेशनचं मला माहीत नाही. आमचे सणही मराठीच होते, नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. हिब्रू नावं आमच्या लोकांनी मागाहून, शिकल्यावर घेतली. आणि कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगते, 'मलिदा' हिब्रू नाही. आम्ही पोहे-नारळाचा मलिदा एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने करतो, पण शब्द फारसी आहे, मळणे-चोळणे यातला.

फुकट_फौजदार

हे सगळं सेफारियावर बघता येईल.

अश्दोदची_मावशी

मलिदा नाही बघता येणार.

हिंडफिऱ्या

लादिनोबद्दल पुस्तकी बोलून उपयोग नाही, मी स्वतः सालोनिकाला जाऊन आलोय. आता थेस्सालोनिकी म्हणतात. ज्यू म्युझियम पाहिलं, 'वेवोस आमिनादोस' खाल्ली, म्हणजे रात्रभर मंद आचेवर ठेवलेली तपकिरी अंडी. एके काळी हे बंदर शनिवारी बंद असायचं, कारण हमालसुद्धा ज्यू. विद्यापीठ ज्या जमिनीवर उभं आहे ती जुनी ज्यू दफनभूमी, १९४२ मध्ये उखडलेली. पुढच्या वर्षी काही महिन्यांत पंचेचाळीस हजारांवर माणसं आगगाडीने आउशवित्झला नेली. आज त्या गावात रस्त्यावर लादिनो ऐकू येत नाही. मला आली नाही, पाच दिवस होतो.

काकांना ट्रिपच द्या. शेंगेन व्हिसा लागतो. ऑफ सीझनला दीड लाखात होतं.

सई_नाशिक

२,५०० मध्ये कसाऱ्यापर्यंत होईल.

मास्तर_सातारा

हिंडफिऱ्यांनी खाल्लेल्या अंड्यांत व्युत्पत्ती आहे, ती त्यांनी सांगितली नाही म्हणून सांगतो. 'आमिनादोस' हा शब्द 'हामीन'वरून. हिब्रू 'हाम' म्हणजे गरम. शब्बातला, म्हणजे शनिवारी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारीच हंडी चढवून ठेवायची, ती हामीन. हिब्रू धातूला स्पॅनिश प्रत्यय लावून अंडी 'हामिनवलेली' झाली. आता यिडिशवाले तीच हंडी करतात, तिला म्हणतात 'चोलंट'. तो शब्द बहुतेकांच्या मते जुन्या फ्रेंच 'शालां'वरून, त्याचाही अर्थ गरम. एक हंडी, दोन भाषा, दोन्हीकडे गरमच. ज्या घरात शनिवारी चूल पेटत नाही त्या घराला गरम या शब्दाचं कौतुक असणारच. आपल्याकडे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना लोकांनी शनवार तेलीच म्हटलं.

अश्दोदची_मावशी

मी बटाट्याखाली तळाला पोळी घालते, लागत नाही. अवांतराबद्दल माफी.

डोंबिवलीकर_डॉइच

मास्तर, एक प्रश्न. यिडिशमध्ये सिनेगॉगला 'शूल' म्हणतात. जर्मन 'शूलं'. आणि आपली शाळा! हे तरी एक आहे ना?

मास्तर_सातारा

नाही. जर्मन शब्द लॅटिन 'स्कोला'चा, तो ग्रीक 'स्खोले'चा, ज्याचा मूळ अर्थ फावला वेळ. आपली शाला संस्कृत, घर-दालन या अर्थाची, गोशाला-पाकशालेतली. दोघींचा संबंध नाही. मला ही चूक माहीत आहे कारण मी ती नववीच्या वर्गात तेवीस वर्षं शिकवली.

कापूसकोंड्या

मग 'मझल' आणि आपलं 'मजल दरमजल'? सईताईंच्या बाबांनी बहुधा हेच सांगितलं असणार.

सई_नाशिक

अगदी हेच! वरण गार झालं ते याच्यावर.

मास्तर_सातारा

ऐकायला गोड आहे, पण थांबा. आपली मजल अरबी 'मंझिल'वरून, उतरण्याची जागा, धातू न-झ-ल. हिब्रू 'मझल' मुळात नक्षत्र किंवा राशी, बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सूर्य-चंद्राबरोबर 'मझलोत' येतात. तो अक्कादी भाषेतून आला असं मानतात, तिथे अर्थ स्थान, आकाशातली जागा. अरबीतही चंद्राच्या मुक्कामांना मंझिलच म्हणतात, म्हणून मोह होतो. पण मोह हा पुरावा नाही. काकांना सांगा, पेन्सिलीने लिहा, शाईने नको.

बाकी या शब्दाचा प्रवास तिन्ही भाषांत बघण्यासारखा आहे. 'मझल तोव' म्हणजे शब्दशः 'ग्रह चांगले'. आपण अभिनंदन म्हणतो तिथे ते पत्रिका बघतात. यिडिशमध्ये 'श्लिमाझल', ज्याचे ग्रह कायमचे वाकडे. पुढचा तुकडा बहुधा जर्मन 'श्लिम', वाईट. लादिनोत 'मझालोझो' नशीबवान आणि 'देस्मझलादो' करंटा, म्हणजे पुढे-मागे स्पॅनिश आणि मध्ये हिब्रू नक्षत्र. असे शब्द हवे असतील तर क्लाइन.

फक्त_वाचक

क्लाइनमध्ये लादिनो नाही. यिडिशही वाटेत आली तरच.

मास्तर_सातारा

मी हिब्रूचा कोश म्हटलं होतं. धागा वरून वाचा.

फक्त_वाचक

धाग्याचं नाव वाचा.

ठाणेकरीण

लिओ रॉस्टनचं 'द जॉइज ऑफ यिडिश' घ्या. १९६८ चं आहे. शब्द रोमन लिपीत, प्रत्येक शब्दामागे एखादा विनोद. माझ्या सासऱ्यांना आवडलं होतं. जुनी प्रत हजाराच्या आत मिळते.

मास्तर_सातारा

ते विनोदांचं पुस्तक आहे.

डोंबिवलीकर_डॉइच

मास्तरांशी पहिल्यांदाच सहमत. तो कोश नाही, गप्पा आहेत. शिवाय निम्मे शब्द न्यूयॉर्कच्या इंग्रजीत गेल्यावरचे.

फुकट_फौजदार

+१. आणि फुकट नाही.

हिंडफिऱ्या

लादिनोला काही उपयोग नाही त्याचा.

रद्दीराजा

लादिनोला उपयोग असलेलं एक आहे माझ्याकडे.

बोरिवली_बुकमार्क

थोडं कामाचं. यिडिश-इंग्रजीचे तीन कोश मी वापरलेत. वाइनराइख १९६८, हा उरिएल, माक्सचा मुलगा; छापून आला तेव्हा तो हयात नव्हता, चाळीस वर्षांचा असतानाच गेला. हार्कावी, १९२५ चा, यिडिश-इंग्रजी-हिब्रू असा तीन रकान्यांचा, जुन्या स्पेलिंगचा पण गोड. आणि बाइनफेल्ड-बोखनर, २०१३, सर्वांत मोठा. मी हाच घेतला, पाच हजारांच्या आसपास गेला. पण तिघांतही व्युत्पत्ती शोधत बसू नका, अर्थ देतात.

दुसरी अडचण कुणी सांगितली नाही. यिडिशमध्ये जर्मन मुळाचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहितात, पण हिब्रू मुळाचे शब्द हिब्रूतल्यासारखेच लिहितात. लिहायचं 'शब्बात', वाचायचं 'शाबेस'. लिहायचं 'एमेत', वाचायचं 'एमेस'. सोव्हिएत काळात ही पद्धत मोडून सगळं उच्चारी केलं होतं, मॉस्कोच्या 'देर एमेस' या वर्तमानपत्राचं नावसुद्धा. म्हणजे लिपी शिकूनही कोशात शब्द सापडेलच असं नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला वाढदिवसाला ही शिक्षा देऊ नये असं माझं मत.

फुकटात हवं तर अ‍ॅम्हर्स्टच्या यिडिश बुक सेंटरने हजारो यिडिश पुस्तकं स्कॅन करून ठेवलीयत. लादिनोसाठी 'लादिनोकोमुनिता' नावाचा ईमेल गट आहे, तिथे रोमन लिपीत लिहितात. प्रश्न विचारला तर म्हातारी माणसं आपापल्या गावचा शब्द सांगतात आणि मग आपसात भांडतात. इथल्यासारखंच.

सई_नाशिक

हे फार उपयोगी, धन्यवाद. बाबांनी एक विचारायला सांगितलंय. आजीबाईच्या गप्पांना यिडिशमध्ये 'बोबे-मायसे' म्हणतात, त्यात 'बोबे' म्हणजे आजीच ना?

बोरिवली_बुकमार्क

आता आजी, पण मुळात आजी नाही! हा माझा आवडता. एलिया लेविता नावाचा हिब्रूचा व्याकरणकार होता. त्याने इटलीत बोव्हो नावाच्या सरदाराची पद्यकथा यिडिशमध्ये रचली, इंग्लंडच्या बेव्हिस ऑफ हॅम्प्टनची इटालियन मार्गाने आलेली गोष्ट. १५४१ मध्ये छापली. तलवारी, राजकन्या, अशक्य योगायोग. त्यावरून 'बोव्हो-मायसे', बोव्होची गोष्ट, म्हणजे थापा. पुढे लोक बोव्होला विसरले आणि 'बोबे' म्हणजे आजी समजू लागले. सरदाराची आजी झाली. याच लेविताने १५४२ मध्ये यिडिश-हिब्रू-लॅटिन-जर्मन असा चार भाषांचा शब्दसंग्रहही छापला. म्हणजे तुमच्या बाबांना हवं तसलं पुस्तक निघालं होतं, तुम्हाला जरा उशीर झाला.

मास्तर_सातारा

उत्तम. यात भर म्हणून 'बालागान'. आजच्या हिब्रूत गोंधळ, पसारा. आला रशियनमधून, तिथे जत्रेतला तमाशाचा तंबू. त्याच्या मागे फारसी 'बालाखाना', वरची खोली. 'बाला' म्हणजे वर. तोच आपल्या बालेकिल्ल्यात आहे. गडावर चढून सर्वांत वर जातो तो बालेकिल्ला, आणि तेल अवीवची आई पोराची खोली बघून ओरडते तो बालागान.

अश्दोदची_मावशी

खरंय. दिवसातून चार वेळा. टोमॅटोचं सांगा की कुणीतरी.

मास्तर_सातारा

सांगतो. टोमॅटोला हिब्रू शब्द नव्हता. युरोपात त्याला 'प्रेमाचं सफरचंद' म्हणत, म्हणून कामवासनेच्या धातूवरून 'अगवानिया' घडवला. आधुनिक हिब्रूचा मोठा शब्दकार एलिएझेर बेन येहुदा, ज्याने 'मिलोन' म्हणजे शब्दकोश, 'ग्लिदा' म्हणजे आइस्क्रीम असे कितीतरी शब्द रुळवले, त्याला हा अश्लील वाटला. त्याच्या घरात अरबीवरून घेतलेला 'बादुरा' म्हणत. लोकांनी अगवानियाच उचलला. म्हणजे ज्याचा कोश सतरा खंडांचा, त्याचंही भाजीवाल्यासमोर चाललं नाही.

फक्त_वाचक

मास्तर, तुम्हीच एक पुस्तक लिहा. मराठीत. २,५०० च्या आत.

मशीदबंदर

त्यात मस्जिद स्टेशन घ्या.

हिंडफिऱ्या

कागद असेल तर.

सई_नाशिक

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा सांगतेय. रॉस्टन घेतलं. हो, विनोदांचं पुस्तक. जुनी प्रत, ७८० रुपये. मास्तर रागावतील, पण लिपी येत नाही, आणि बोरिवलीकरांचं वाचल्यावर वाढदिवशी हातात कोश देऊन बाबांना अडकवावंसं वाटेना. आदल्या रात्री कागदात गुंडाळून ठेवलं होतं, सकाळी उठले तर बाबा ओट्याशी उभं राहून वाचत होते आणि चहा उतू गेला होता. पहिल्या दोन दिवसांतच समासात पेन्सिलीने सात ठिकाणी 'पुरावा?' लिहून झालंय. आई मात्र पंधरा वर्षांत प्रथमच व्युत्पत्ती ऐकताना जागेवर बसून राहिली, कारण मध्ये मध्ये विनोद येतात. हिब्रूची बावीस अक्षरंही काढलीयत, दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, देव्हाऱ्याशेजारी लावलीत. पंधरा दिवसांत येतात म्हणाला होतात, एकवीस झाले, अजून 'बेत' आणि 'काफ'मध्ये गोंधळ आहे.

मावशी, शिंकेचं गाणं पाठ झालं. नातवाला रोज ऐकवतात.

मास्तर_सातारा

रागावलो नाही. बेत खाली उजवीकडे किंचित बाहेर येतो, काफ गोल असतो. 'पुरावा?' कुठे कुठे लिहिलंय ते कळवा, मी क्लाइनमध्ये बघून सांगतो.

नवा_पाहुणा

आत्ताच धागा पाहिला. सेफारियावर क्लाइन फुकट आहे, कुणी सांगितलं नाही का?

फुकट_फौजदार

पहिला प्रतिसाद माझाच आहे, साहेब.

रद्दीराजा

सईताई, मग लादिनो तशीच राहिली की. नेहामा अजून आहे. पोस्टेज माझ्याकडून. काकांना फ्रेंच जमेल का, तेवढं एकदा विचारून बघा.

सई_नाशिक

बाबांना नाही जमणार. पण आई आत्ता मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय की कॉलेजात तिचं फ्रेंच होतं, बाबांना कधी विचारावंसं वाटलं नाही. किती घ्याल?